फोटो बिघडला, रोगी सुधारला!

छातीच्या डॉक्टरला माणसे चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत, फोटोवरून येतात, अशी आमच्या घरी माझी थट्टा चालते. फोटो म्हणजे छातीचा फोटो. एक्स-रे म्हणायची आमच्या भागात फारशी पद्धत नाही. मंडईत एखाद्या गृहस्थांनी नमस्कार केला की मी गोंधळतो. पण त्यांनी ‘उजवीकडे पाणी झालं होतं, डॉक्टर’ एवढे म्हटले की सारी हकीकत डोळ्यांपुढे उभी राहते! तीस वर्षांहून अधिक काळ मी हा उद्योग करीत आहे, आणि फोटो वाचण्यात आपला हातखंडा आहे असा मला एके काळी अभिमानही होता. तो अभिमान एका रोगाने दोनदा उतरविला. त्यातला दुसरा प्रसंग अजून माझ्या मनाला लागून राहिला आहे, आणि खरे सांगायचे तर त्याच्यासाठीच मी हा लेख लिहावयास बसलो आहे.

आम्हाला शिकविले होते ते सरळ होते. फोटोत काळे दिसते ती हवा आणि पांढरे दिसतो तो डाग. डाग वाढला की रोगी बिघडला. डाग विरला की रोगी सुधारला. यात चूक होण्यासारखे काय आहे?

सन १९९४ ची गोष्ट. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मी पुढचे शिक्षण घेत होतो. एका रात्री हॉटेलात काम करणारा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा चालत आला आणि दारातच खाली बसला. ओठ निळे, श्वास मिनिटाला चाळीस. मी नळी लावली. छाती साफ! फोटो काढला, तर त्यातही डाग म्हणावा असे काही नाही. पहाटे नदीवर धुके पसरावे तशी सगळीकडे एक पुसट छटा. इतका चांगला फोटो आणि इतका वाईट रोगी मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या वरिष्ठांनी फोटो दिव्यापुढे धरला आणि शांतपणे सांगितले, “छाती साफ आणि ओठ निळे. रक्त एच.आय.व्ही.साठी पाठवा.”

तो न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होता. या बुरशीची कथा मोठी चमत्कारिक आहे. महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथाश्रमांत कमी दिवसांची, अशक्त अर्भके एका विचित्र न्यूमोनियाने दगावत. तेव्हा १९५२ च्या सुमारास यीरोवेत्स नावाच्या झेक शास्त्रज्ञाने या जंतूकडे बोट दाखविले. आज तिच्या नावात त्याचेच नाव जोडलेले आहे. धडधाकट माणसाच्या वाटेला ती जात नाही. पुढे तीसेक वर्षांनी, ५ जून १९८१ रोजी, अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रिकेत एक छोटेसे टिपण आले. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाला होता, आणि टिपण छापून येईतो त्यांतले दोघे गेलेही होते. एड्स या रोगाची जगाला झालेली पहिली ओळख ती हीच. म्हणजे हा रोग पहिल्यांदा जगासमोर आला तो फुप्फुसाच्या दाराने! आपल्याकडे त्याचा पहिला सुगावा १९८६ साली मद्रासेत लागला, तिथे डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनीकडून रक्ताचे नमुने तपासवून घेतले होते. या बाई माहेरच्या गायतोंडे, हे पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक नसेल.

तर काय सांगत होतो, तो हॉटेलातला पोरगा. को-ट्रायमोक्साझोल म्हणजे आपली सल्फाची स्वस्त गोळी. तिचे मोठे डोस आणि जोडीला स्टिरॉइड देऊन तीन आठवड्यांत तो बरा झाला. जाताना वॉर्डातल्या सगळ्यांना त्याने चहा पाजला. चार महिन्यांनी तो परत आला तो क्षय घेऊन. तोही आवरला. पुन्हा दोन महिन्यांनी मेंदूला सूज आली, आणि त्या वेळी तो घरी गेला नाही. आम्ही चोर पकडत होतो, पण घराला कडीच नव्हती.

ती कडी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींची फौज असते आणि त्या फौजेला कामाला लावणारे मुकादम असतात. त्यांना सी.डी.-४ पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका थेंबाच्याही लहानशा भागात, म्हणजे एका घनमिलिमीटरमध्ये, त्या पाचशेपासून हजार-बाराशेपर्यंत असतात. एच.आय.व्ही. नेमका या मुकादमांत शिरतो, त्यांच्याच कारखान्यात आपल्या नकला काढतो आणि त्यांना संपवितो. त्यांची संख्या दोनशेच्या खाली आली की न्यूमोसिस्टिससारखे संधिसाधू जंतू डोके वर काढतात. क्षयाचे तसे नाही. तो दोनशेची वाट पाहत नाही. संख्या चांगली असतानाही तो येतो, आणि ती खालावली की अधिकच जोराने येतो. आपल्या देशात एच.आय.व्ही.च्या रोग्याला गाठणारा सर्वांत मोठा शत्रू तोच.

आता फोटोचे कोडे पाहा. क्षयाने फुप्फुसाला भोक पडते, असे आपण म्हणतो. ते भोक मुख्यतः क्षयाचा जंतू पाडीत नाही; जंतूशी लढणारी आपली फौज पाडते! लढाईत गाव जळते तसे. आता ज्याच्या शरीरात मुकादमच उरले नाहीत, तिथे लढाई कोण करणार? म्हणून अशा रोग्याच्या फोटोत भोक दिसत नाही, बेडक्यात जंतू सापडत नाही आणि कधी कधी तर फोटो अगदी स्वच्छ असतो. डाग नाही म्हणजे रोग नाही असे नव्हे. डाग नाही कारण सैन्य नाही! हा माझा पहिला धडा.

कडी बसविणारी औषधे यायला वेळ लागला. १९८७ साली ए.झेड.टी. आले, पण एकट्या औषधाला विषाणू लवकरच चकवू लागला. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधे एकदम देण्याचे निकाल जाहीर झाले आणि चित्र पालटले. अमेरिकेत १९९६ ते १९९७ या एका वर्षात एड्सचे मृत्यू शेकडा ४७ नी उतरले. गंमत अशी की या गोळ्या न्यूमोसिस्टिसला हात लावीत नाहीत आणि क्षयाचा एकही जंतू मारीत नाहीत. त्या फक्त विषाणूच्या नकला बंद पाडतात. मुकादम हळूहळू परत येतात, आणि उरलेले काम तेच करतात. मुकादमांची संख्या दोनशेच्या वर जाऊन तिथे टिकली की न्यूमोनिया टाळण्यासाठी चालू ठेवलेली सल्फाची गोळीही पुढे बंद करता येते. मुकादम कामावर हजर असताना निराळा राखणदार कशाला?

आम्ही हे सारे मासिकांत वाचीत होतो आणि उसासे टाकीत होतो. या तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर! मग फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे एका परदेशी सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एक डॉलरही नाही. साऱ्या जगाचा बाजार त्यामुळे हलला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ठरावीक रुग्णालयांत ही औषधे मोफत देणे सुरू केले, आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तोवर मी मुंबई सोडून पंचगंगेकाठी इचलकरंजीत येऊन राहिलो होतो.

आता दुसऱ्या धड्याकडे येतो.

सन २००५ चा पावसाळा सरत आला होता. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक तिशीतला कामगार आईबरोबर माझ्याकडे आला. सहा महिन्यांचा खोकला. मागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू उडतात, त्यामुळे इकडे खोकल्याला कोणी भीत नाही. ‘धूळ गेली असेल’ म्हणून गूळ खातात. तपासण्या झाल्या. क्षय, एच.आय.व्ही. आणि सी.डी.-४ फक्त ३१. क्षयाची औषधे सुरू केली. महिन्या-दीड महिन्यात ताप उतरला, वजन तीन किलोंनी वाढले, फोटोही निवळला. दोन महिने झाल्यावर सरकारी केंद्रातून त्याला एच.आय.व्ही.च्या गोळ्या मिळाल्या. क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन हे इतर औषधांची रक्तातली मात्रा खाली आणते, म्हणून त्याच्याशी जुळेल अशी औषधयोजना निवडावी लागते. ती काळजी मी घेतली होती. घेतली नाही ती दुसरीच.

अठराव्या दिवशी ती माउली त्याला रिक्षातून घेऊन आली. अंगात १०३ ताप. मानेला लिंबाएवढ्या गाठी. दम लागलेला. फोटो काढला आणि माझ्या छातीत धस्स झाले. निवळलेल्या फुप्फुसावर पांढऱ्या डागांची गर्दी, डावीकडे पाणी.

“डाक्टर, ह्या गोळ्यानंच माझ्या पोराचा घात केला बघा,” ती म्हणाली. “दोन म्हैन्यांत अंग धरलं हुतं त्यानं. ह्या दुसऱ्या गोळ्या चालू केल्या आन् पंधरा दिसांत ही तऱ्हा.”

मी काय बोललो? “मावशी, औषधं बंद करू नका, मी तपासण्या करतो,” एवढेच. आवाजात खात्री नव्हती, आणि ती माणसे आवाजच ऐकतात. रक्त पाठविले, बेडका पाठविला, त्याला दाखल होण्यास सांगितले. ते दाखल झाले नाहीत. गावी गेले.

आठवड्याने सी.डी.-४ चा आकडा आला. ११८! एकतीसच्या जागी एकशे अठरा. बेडक्यात जंतू नव्हते. तो कागद हातात धरून मी खुर्चीत बसून राहिलो. औषध बाधले नव्हते. औषध लागू पडले होते. मुकादम परत आले होते, आणि फुप्फुसात जे मेलेले, अर्धमेले जंतू कोपऱ्याकोपऱ्यात पडून होते त्यांच्यावर त्यांची फौज तुटून पडली होती. जो डाग मी रोग म्हणून वाचला ती लढाई होती, आणि लढाई आमची माणसे जिंकत होती!

गावाचे नाव नोंदवहीत होते. मी निरोप पाठविला, मग स्वतःही गेलो. तोवर त्याने दोन्ही औषधे सोडून महिना झाला होता. आईने फडताळातून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. गोळ्यांची पाकिटे तशीच होती. “तुमचं तुमी घेऊन जावा,” असे ती म्हणाली. रागाने नव्हे, उसनी आणलेली वस्तू परत करावी तसे. मी पुष्कळ सांगितले. त्या माघात तो गेला.

पुष्कळांनी मला समजाविले की रोगी ऐकत नाहीत त्याला डॉक्टर काय करणार? हे मला पटत नाही. त्याने माझे ऐकले होते. गोळ्या सुरू करण्यापूर्वी मी त्याला वेळा सांगितल्या, आहार सांगितला, मळमळ होईल हे सांगितले. एवढेच सांगितले नाही की तू सुधारू लागलास म्हणजे काही दिवस बिघडल्यासारखा होशील. या अवस्थेला इंग्रजीत भलेमोठे नाव आहे, ‘आयरिस’ हे त्याचे लघुरूप. ते मी पुस्तकात वाचलेही होते! पण वाचलेले आणि रोग्याच्या तोंडावर सांगितलेले यांत जे अंतर असते, त्या अंतरात तो मुलगा गेला.

इथे एक इशारा दिला पाहिजे, नाही तर माझा हा लेख वाचून कोणी वाढत्या तापावर खुशाल स्वस्थ बसेल. गोळ्या सुरू झाल्यावर फोटो बिघडला म्हणजे प्रत्येक वेळी तो सुधारच असतो असे नव्हे. क्षयाचा जंतू औषधांना दाद न देणारा असू शकतो; रोगी गोळ्या चुकवीत असू शकतो; क्षयाच्या जोडीला दुसराच जंतू असू शकतो. कधी तर दबून बसलेला क्षय, ज्याचा कोणालाच पत्ता नव्हता, या गोळ्यांमुळेच उघडा पडतो. हे सारे एकेक करून नाकारावे लागते, आणि मगच म्हणता येते की ही आपलीच फौज आहे. मग क्षयाची औषधे चालू, एच.आय.व्ही.ची औषधे चालू, आणि फौजेचा अतिरेक आवरण्यासाठी काही आठवडे स्टिरॉइड. बहुतेक रोगी यातून निभावतात.

पुढे प्रश्न असा उभा राहिला की ही लढाई इतकी धोक्याची, तर एच.आय.व्ही.च्या गोळ्या उशिरा द्याव्यात का? आधी क्षय पुरता नरम करावा, मग मुकादमांना बोलवावे? मला त्या वेळी हेच शहाणपणाचे वाटे. त्या मुलाला मी दोन महिने थांबविले ते याच विचाराने. याचे उत्तर कंबोडियातून आले. तिथे अतिशय खालावलेल्या ६६१ क्षयरोग्यांवर एक अभ्यास झाला, त्यांच्या सी.डी.-४ चा मध्य आकडा अवघा २५ होता. निम्म्यांना क्षयाचे औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी गोळ्या दिल्या, निम्म्यांना आठ आठवड्यांनी. २०११ साली निकाल छापून आला. लवकर दिलेल्या ३३२ पैकी ५९ जण गेले, उशिरा दिलेल्या ३२९ पैकी ९० जण. लवकर दिलेल्यांत आयरिसचा त्रास जास्त झाला, आणि तरीही जास्त माणसे वाचली! लढाईच्या धगीपेक्षा सैन्यावाचून काढलेले दिवस अधिक जीव घेत होते. मेंदूच्या आवरणाचा क्षय तेवढा याला अपवाद. कवटीच्या आत सुजेला जागा नसते, तिथे घाई करीत नाहीत.

त्याच निकालाच्या पुढच्या वर्षी माझ्याकडे एक बाई आली. मागाच्या कांड्या भरण्याचे काम करणारी, नवरा वारलेला, दोन मुली. क्षय आणि सी.डी.-४ चव्वेचाळीस. दोन आठवड्यांनी गोळ्या सुरू करावयाच्या होत्या. या वेळी मी खुर्ची जवळ ओढून घेतली.

“बाई, नीट ऐका. या गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन आठवड्यांनी ताप येईल. गाठ येईल कदाचित. फोटो आजच्यापेक्षा वाईट दिसेल. तसे झाले तर गोळ्या टाकायच्या नाहीत. मध्यरात्र असली तरी माझ्याकडे यायचे.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “मग ह्या गोळ्या घ्यायच्या कशाला?”

प्रश्न अगदी बिनतोड होता. मी क्षणभर थांबलो आणि विचारले, “तुमची शेड सहा महिने बंद पडली, आणि एक दिवस मुकादम परत कामावर आला, तर पहिल्या दिवशी काय होतं?”

“धुरळा!” ती म्हणाली. “झाडलोट, आरडाओरडा. डोळं उघडत न्हाईत.”

“तसंच आत होणार आहे.”

सोळाव्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती. अंग तापाने फणफणत होते. मोठ्या मुलीने तिला धरले होते. मला पाहताच म्हणाली, “डाक्टर, धुरळा उडाला बघा.”

त्या आवाजात भीती होती, पण तक्रार नव्हती. बेडका पाठविला, जंतू औषधांना दाद देतात की नाही ते पाहून घेतले, मग स्टिरॉइड सुरू केले. फोटो त्या मुलाच्या फोटोसारखाच भयंकर होता. तीन महिन्यांनी तो जवळजवळ स्वच्छ झाला.

त्यानंतर औषधांची बाजू कितीतरी सुधारली. आता बेडक्यातला जंतू आणि त्याचा हट्टीपणा यंत्र दोन तासांत सांगते. २०१७ पासून आपल्याकडे आकड्याची वाट न पाहता, एच.आय.व्ही. आढळला की गोळ्या सुरू करण्याचे धोरण आहे. डोल्युटेग्राव्हिर असलेली एकच गोळी रोज घ्यायची. क्षयाचे औषध चालू असताना मात्र डोल्युटेग्राव्हिरचा डोस दिवसातून दोनदा, कारण ते रिफॅम्पिसिन इथेही आडवे येतेच. या गोळ्यांनी क्षयाचा धोका सुमारे दोनतृतीयांशाने कमी होतो. तो शून्य होत नाही. म्हणून ज्याला क्षय नाही त्याला तो टाळण्याची वेगळी औषधेही देतात. न्यूमोसिस्टिसचा धुक्यासारखा फोटो मला आता वर्षातून एखाददुसरा दिसतो. दिसतो तो अशाच माणसाचा, की जो रक्त तपासायला भीत होता. माणसे लाजेपायी येत नाहीत. सोयरिकी मोडतील, मालक काढून टाकील, म्हणून येत नाहीत. अशा रोग्याला नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभावाने वागविण्यास बंदी करणारा कायदा २०१७ साली झाला; पण तो कांडी भरणाऱ्या बाईच्या गल्लीपर्यंत पोचायला अजून वेळ आहे.

ती बाई अजून येते. मोठ्या मुलीचे लग्न झाले. गेल्या वर्षी माझ्याकडे एक पोरसवदा ट्रकड्रायव्हर आला, सी.डी.-४ अडतीस. मी त्याला खुर्ची ओढून सगळे सांगितले. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे दाराकडे होते. बाई त्या दिवशी तपासणीला आली होती. तिला पूर्वीच एकदा मी बोललो होतो की कोणी नवा माणूस घाबरला तर तुमची गोष्ट नाव न घेता सांगतो. त्यावर ती म्हणाली होती, “नाव न घेता कशाला? मला बोलवा की.” मला ते बरे वाटले नव्हते, लोकांना कळेल म्हणून मी टाळीत होतो. त्या दिवशी तिला पुन्हा विचारले आणि आत बोलाविले.

तिने पिशवीतून दोन फोटो काढले. दोन्ही तिने मुलीच्या लग्नपत्रिकेसोबत ट्रंकेत जपून ठेविले होते. पहिला बरा होता; दुसऱ्यावर डागांचा नुसता पाऊस. पोराने दुसरा पाहून तोंड फिरविले.

बाईने तो दिव्यापुढे सरळ धरला आणि म्हणाली, “असं करू नगंस. नीट बघ. ह्यात मी बरी हुत हुते.”